मासा न कापता ताजेपणाची परीक्षा

मुंबईच्या ससून डॉकवर, कोचीच्या बंदरात किंवा सौराष्ट्रातील वेरावळच्या धक्क्यावर पहाटे मासळीचा लिलाव सुरू होतो, तेव्हा घेणाऱ्याला विचार करावयास फारच थोडा अवधी मिळतो. ढिगाभोवती माणसांची दाटी असते, बोली चढत असते, आणि जो क्षणभर घुटमळेल त्याच्या हातून माल निसटतो. अशा वेळी जाणता व्यापारी किंवा कोळीण माशाच्या डोळ्यांकडे एक नजर टाकते, कल्ले वर करून त्यांचा रंग पाहते, पाठीवर अंगठा दाबते आणि हात नाकाशी नेते. एवढ्यावर हजारो रुपयांचा व्यवहार ठरतो, आणि बहुतेक वेळा तो चुकत नाही.

मात्र हे ज्ञान ज्याचे त्याच्यापाशीच राहते. ते कागदावर उतरविता येत नाही आणि हजार किलोमीटरांवर असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला पटवूनही देता येत नाही. दोघांचे मत भिन्न पडले तर निवाडा करण्यास साधन नसते. अशा तंट्यात बहुधा विकणाऱ्यालाच हार खावी लागते, कारण त्याचा माल दर तासाला उतरत असतो आणि घेणाऱ्याला घाई नसते. दुपारपर्यंत पाटीतील मासळी संपली नाही तर कोळणीला मिळेल त्या भावात ती द्यावी लागते. माल अजून चांगला आहे हे तिला ठाऊक असले तरी सिद्ध करता येत नाही.

प्रयोगशाळेला ते सिद्ध करता येते. मात्र तिची रीत अशी की, माशाचा तुकडा कापावयाचा, त्याचा लगदा करावयाचा, त्यात आम्ल घालून गाळावयाचे, मग ऊर्ध्वपातन करून किंवा अन्य रासायनिक कृतीने त्यातील विशिष्ट द्रव्य मोजावयाचे. उत्तर अचूक येते. परंतु ते येईपर्यंत बाकीचा माल विकला गेलेला असतो अथवा नासलेला असतो. शिवाय तपासलेला मासा विक्रीतून बाद होतो तो वेगळाच. एकाच खोक्यात पहिल्या ओढीची आणि शेवटच्या ओढीची मासळी एकत्र असते. काहींना बर्फ लवकर मिळालेला असतो, काही तासभर डेकवर उन्हात पडलेली असतात. त्यामुळे एक मासा कापून शेजारच्या माशाविषयी फारसे सांगता येत नाही. ज्याच्याविषयी खात्री झाली तो उरत नाही, आणि जे उरतात त्यांच्याविषयी खात्री होत नाही. माशाला धक्का न लावता, काही सेकंदांत, धक्क्यावरच ताजेपणा मोजता यावा यासाठी गेली साठसत्तर वर्षे जे प्रयत्न झाले त्यांचे मूळ या अडचणीत आहे.

मृत्यूनंतर माशात काय घडते

मोजावयाचे म्हणजे नेमके काय मोजावयाचे, हा पहिला प्रश्न आहे. ताजेपणा हा काही साखरेसारखा किंवा मिठासारखा पदार्थ नव्हे की त्याचे वजन करता येईल. मासा मेल्यावर त्याच्या शरीरात एकामागून एक अनेक बदल होत जातात आणि त्यांपैकी कोणता आपण पाहतो यावर उत्तर अवलंबून असते.

प्राण जाताच रक्ताभिसरण थांबते आणि स्नायूंना प्राणवायू मिळेनासा होतो. स्नायूंत साठविलेले ग्लायकोजेन मात्र काही काळ खर्च होत राहते आणि त्यापासून लॅक्टिक आम्ल तयार होते. जिवंतपणी स्नायूंना शक्ती पुरविणारे अॅडेनोसीन ट्रायफॉस्फेट, ज्याला थोडक्यात एटीपी म्हणतात, तेही संपत जाते. ते पुरेसे उरले नाही म्हणजे स्नायूंचे तंतू एकमेकांत अडकून बसतात आणि मासा लाकडासारखा ताठ होतो. हीच मरणोत्तर ताठरता होय. ती किती लवकर येते हे मासा कसा मेला यावर बरेच अवलंबून असते. जाळ्यात तासन्तास धडपडून मेलेल्या माशाचा शक्तिसंचय आधीच खर्च झालेला असतो, म्हणून तो लवकर ताठरतो आणि लवकर सैलही पडतो. जपानी कोळी किमती मासा पकडताच त्याच्या मेंदूत टोकदार सळई खुपसून त्याला तत्क्षणी मारतात. त्यांच्या भाषेत या रीतीला इकेजिमे म्हणतात. वरवर निर्दय वाटणाऱ्या या कृतीने मासा तडफडत नाही आणि त्याचा ताजेपणा अधिक टिकतो.

एटीपीचे पुढे काय होते हे पाहण्यासारखे आहे. माशाच्या स्वतःच्या एंझाइमांमुळे त्याचे पायरीपायरीने विघटन होऊन प्रथम आयनोसिनिक आम्ल बनते. ताज्या मासळीला जी गोडसर, भरीव चव असते तिचे बरेचसे श्रेय या आम्लाला आहे. त्यापासून पुढे आयनोसीन आणि शेवटी हायपोझँथीन तयार होते. हायपोझँथीन कडवट असते. म्हणजे चव उतरत जाण्याची ही एक रासायनिक शिडीच आहे, आणि मासा तिच्या कोणत्या पायरीवर आहे हे कळले तर त्याचा ताजेपणा कळला. जपानमधील साइतो, अराई आणि मात्सुयोशी या संशोधकांनी १९५९ मध्ये याच तत्त्वावर 'के' मूल्य सुचविले. शिडीवरील सर्व द्रव्यांच्या बेरजेत आयनोसीन व हायपोझँथीन यांचा शेकडा वाटा किती, ते हे मूल्य सांगते. ते साधारणतः वीसच्या आत असेल तर मासा कच्चा खाण्याजोगा समजतात. साठच्या वर गेले तर तो खाण्यास योग्य मानीत नाहीत. अर्थात सर्व जातींत ही शिडी सारख्याच वेगाने उतरली जात नाही. कॉडसारख्या माशात 'के' मूल्य झपाट्याने वाढते, तर काही जातींत ते पुष्कळ दिवस खालीच राहते.

येथवर जंतूंचा संबंध फारसा येत नाही. त्यांचे काम पुढचे. खवल्यांवर, कल्ल्यांत आणि आतड्यांत असलेले जंतू हळूहळू वाढतात आणि समुद्री माशांच्या मांसातील ट्रायमेथिलअमाइन ऑक्साइड या निर्गंध द्रव्यापासून ट्रायमेथिलअमाइन तयार करतात. शिळ्या मासळीचा म्हणून जो वास आपण ओळखतो तो मुख्यतः याचाच. गोड्या पाण्यातील माशांत मूळ द्रव्य नगण्य असते. त्यामुळे बंगालमधील रोहू किंवा कातला नासला तरी त्याचा वास शिळ्या बांगड्यासारखा येत नाही, आणि ट्रायमेथिलअमाइन मोजण्याची पद्धत तेथे निरुपयोगी ठरते. मुशी आणि पाकट यांच्या मांसात युरिया भरपूर असल्याने त्यांतून अमोनियाचा उग्र दर्प निघतो. अशा सर्व बाष्पशील नायट्रोजनयुक्त द्रव्यांची एकत्रित मोजणी ही प्रयोगशाळांची नेहमीची कसोटी आहे. युरोपीय नियमांत काही जातींसाठी शंभर ग्रॅम मांसात २५ ते ३५ मिलिग्रॅम नायट्रोजन अशी मर्यादा घातलेली आहे. परंतु हा आकडा मासा चांगलाच उतरल्यावर वाढू लागतो. पहिल्या काही दिवसांतील फरक, ज्यावर बाजारातील भाव ठरतो, तो यातून दिसत नाही.

एक सोपा उपाय सहज सुचतो, तो म्हणजे मांसाचा सामू, म्हणजेच पीएच, मोजण्याचा. त्यासाठी लागणारे विद्युत् अग्र माशाच्या पृष्ठभागाला नुसते टेकविले तरी चालते. परंतु सामूची गती दुहेरी आहे. जिवंत माशात तो सातच्या आसपास असतो. लॅक्टिक आम्लामुळे तो खाली येतो आणि पुढे जंतूंनी तयार केलेल्या अल्कधर्मी द्रव्यांमुळे पुन्हा वर चढतो. उतरताना आणि चढताना एकच आकडा दोनदा येतो. आकडा साडेसहा आला तर मासा आत्ताच मेलेला आहे की आठवड्यापूर्वी, हे सामूवरून सांगता येत नाही.

डोळे, नाक आणि बोटे

यंत्रांकडे वळण्यापूर्वी मानवी इंद्रियांविषयी दोन शब्द लिहिणे योग्य होईल, कारण मासा न कापता होणारी सर्वांत जुनी परीक्षा तीच आहे आणि प्रत्येक यंत्राला अखेर तिच्याशीच ताडून पाहावे लागते. स्कॉटलंडमधील अॅबरडीन येथे १९२९ मध्ये स्थापन झालेल्या टोरी संशोधन केंद्रात श्यूअन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये डोळे, कल्ले, कातडीवरील बुळबुळीत थर, वास आणि शिजवल्यानंतरची चव यांना गुण देण्याची पद्धती तयार केली. पुढे १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील टास्मानियात दुसरी रीत निघाली. तीत गुण द्यावयाचे नसून दोष मोजावयाचे असतात. बुबुळ स्वच्छ व फुगीर असेल तर शून्य, सपाट व धुरकट असेल तर एक, खोल गेलेले व दुधाळ असेल तर दोन, अशा प्रकारे एकेक लक्षण घेऊन दोषांची बेरीज करावयाची. ही पद्धती प्रत्येक जातीसाठी स्वतंत्र बसविलेली असते, आणि तिचा विशेष असा की बर्फात ठेवलेल्या माशाच्या दोषांची बेरीज दिवसांबरोबर जवळजवळ सरळ रेषेत वाढते. म्हणजे बेरजेवरून मासा किती दिवस बर्फात आहे आणि आणखी किती दिवस टिकेल, दोन्हींचा अंदाज करता येतो.

या पद्धतीचे महत्त्व आपल्याकडे अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही असे वाटते. कागद आणि पेन्सिल यांखेरीज तिला काही लागत नाही. तथापि शंभर खोकी हुंगल्यावर नाक थकते, सर्दी झालेल्या परीक्षकाला घरी पाठवावे लागते, आणि कल्ल्यांना रंग लावून ताजेपणाचे सोंग आणणारेही असतात. म्हणून थकवा न येणाऱ्या परीक्षकाचा शोध चालू राहिला.

विजेने होणारी परीक्षा

या शोधातील सर्वांत चतुर युक्ती विजेची आहे. तिच्या मुळाशी असलेली गोष्ट समजण्यास कठीण नाही. माशाचे मांस असंख्य पेशींचे बनलेले आहे. पेशीच्या आत क्षारयुक्त द्रव असतो आणि बाहेरही तसाच द्रव असतो. हे दोन्ही विजेचे वाहक आहेत. परंतु त्यांच्यामध्ये पेशीपटलाचा अतिशय पातळ पडदा असतो. तो मेदद्रव्यांचा बनलेला असल्याने निरोधक असतो. दोन वाहकांमध्ये एक पातळ निरोधक, ही तर विद्युत्‌शास्त्रातील धारित्राचीच रचना होय. रेडिओत धातूच्या पत्र्यांमध्ये कागद किंवा अभ्रक घालून जे धारित्र केलेले असते, तसली अब्जावधी सूक्ष्म धारित्रे ताज्या माशाच्या अंगात असतात.

अशा मांसातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला तर धारित्रे भरत आणि रिकामी होत राहतात, त्यामुळे विद्युत् दाब आणि प्रवाह यांची पावले जुळत नाहीत. लेझीम खेळणाऱ्या दोन रांगांपैकी एक सतत थोडी मागे पडावी तसा हा प्रकार असतो. या अंतराला कलांतर म्हणतात. मासा मेल्यावर त्याची स्वतःची एंझाइमे पेशीपटले खाऊ लागतात, पडद्यांना भोके पडतात, आतला द्रव बाहेर झिरपतो आणि धारित्रे एकामागून एक निकामी होतात. मग मांस हे नुसता वाहक द्रव शोषलेल्या स्पंजासारखे उरते, दाब आणि प्रवाह यांची पावले जुळू लागतात आणि कलांतर कमी होते. ते मोजले म्हणजे पेशीपटले कितपत शाबूत आहेत ते कळते.

जर्मनीत १९६० नंतरच्या काळात या दिशेने एक उपकरण तयार झाले. पुढे टोरी केंद्रातील जेसन आणि रिचर्ड्स यांनी १९७५ मध्ये आपल्या उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. ते टोरीमीटर या नावाने ओळखले जाऊ लागले. हातात मावणारे, विजेरीवर चालणारे हे यंत्र माशाच्या कुशीवर दाबून धरावयाचे, की क्षणार्धात आकडा दिसतो. आकडा मोठा असेल तर मासा ताजा; दिवस जातील तसा तो उतरतो. माशाला कोठेही छेद द्यावा लागत नाही, कातडी काढावी लागत नाही आणि मापन झाल्यावर तोच मासा विक्रीस ठेवता येतो.

यंत्राच्या तळाशी दोन नव्हे तर चार अग्रे असतात. दोनांनी प्रवाह सोडला जातो आणि उरलेल्या दोनांनी दाब मोजला जातो. असे का? प्रवाह सोडणारे अग्र कातडीला जेथे टेकते तेथे बराच रोध असतो आणि तो ओलसरपणाप्रमाणे बदलत राहतो. दाब वेगळ्या अग्रांनी मोजला, आणि त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहूच दिला नाही, तर या लहरी रोधाचा मापनावर होणारा परिणाम टळतो. चांगल्या उपकरणाची खरी हुशारी पुष्कळदा अशा लहानशा तजविजीत असते.

आइसलँडमध्ये हेच तत्त्व वापरून सरकत्या पट्ट्यावरील माशांची प्रतवारी करणारे यंत्र बनविण्यात आले. ते मिनिटाला सुमारे सत्तर मासे तपासून वेगळे करीत असे. एवढी गती कोणत्याही कोळणीच्या किंवा परीक्षकाच्या आवाक्यातील नव्हे.

मग हे यंत्र प्रत्येक बंदरावर का दिसत नाही? याचे उत्तर त्याच्या तत्त्वातच आहे. यंत्र जंतू मोजीत नाही, वासाची द्रव्येही मोजीत नाही. ते फक्त पेशीपटलांची मोडतोड मोजते. ही मोडतोड शिळेपणाखेरीज इतर कारणांनीही होते. मासा गोठविला की त्याच्या आत बर्फाचे स्फटिक तयार होऊन पेशीपटले फाटतात. असा मासा वितळविल्यावर त्याचा आकडा एकदम खाली येतो, मग तो पकडल्याबरोबर गोठविलेला उत्तम मासा का असेना. खोक्याखाली चेंगरलेला, फावड्याने ओढलेला किंवा आपटलेला मासाही असाच बदनाम होतो. थंड खाऱ्या पाण्यात साठविलेल्या माशाचे आकडे बर्फात साठविलेल्या माशाच्या आकड्यांशी जुळत नाहीत. चरबीचे प्रमाण आणि कातडीची जाडी यांचाही परिणाम होतो. त्यातच एकाच दिवशी पकडलेल्या, एकाच खोक्यातील दोन माशांचे आकडेही सारखे येत नाहीत. म्हणून एकाच माशाच्या आकड्यावर विसंबू नये, अनेक माशांची सरासरी घेऊन संपूर्ण खेपेविषयी मत बनवावे, असे जाणकार सांगतात. त्यासाठी कापण्याची गरज नसल्याने वीस मासे तपासले तरी कोणाचे काही जात नाही; न कापता होणाऱ्या परीक्षेचा मोठा लाभ तो हाच.

गोठविलेल्या माशाविषयीचा दोष एका बाबतीत गुणही ठरतो. गोठवून वितळविलेला मासा ताजा म्हणून विकण्याची फसवणूक जगभर चालते, आणि ती डोळ्यांना सहज ओळखू येत नाही. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, परंतु आकडा मात्र अगदी खाली, अशी विसंगती दिसली की संशयाला जागा मिळते.

प्रकाशाची भाषा

वीज मांसात शिरते तसा प्रकाशही शिरतो. दृश्य प्रकाशाच्या तांबड्या टोकापलीकडचे जे अवरक्त किरण, त्यांपैकी जवळच्या पट्ट्यातील किरण मांसात काही मिलिमीटरपर्यंत जाऊन परत येतात. वाटेत पाणी, मेद आणि प्रथिने त्यांतील ठराविक तरंगलांबीचे किरण शोषून घेतात. अमेरिकेच्या कृषी खात्यातील कार्ल नॉरिस यांनी धान्यातील ओलावा मोजण्यासाठी हे तंत्र विकसित केले आणि नंतर ते दूध, मांस, मासळी असे पसरत गेले. दृश्य प्रकाशाची जोड दिल्यास रक्तातील बदलही टिपता येतो, कारण शिळ्या माशातील हिमोग्लोबिनचे ऑक्सिडीकरण होऊन त्याचा लाल रंग तपकिरीकडे झुकतो.

या पद्धतीचे स्वरूप मात्र नीट ध्यानात घेतले पाहिजे. परत आलेल्या प्रकाशाच्या वर्णपटात 'ताजेपणा' अशी कोणतीही एक रेषा नसते. बर्फात ठेवल्याचे दिवस निश्चित ठाऊक आहेत अशा शेकडो माशांचे वर्णपट घेऊन संख्याशास्त्राच्या साहाय्याने दिवस आणि वर्णपट यांचा संबंध बसवावा लागतो. यंत्राला ताजेपणा कळत नाही. पूर्वी पाहिलेल्या माशांशी साम्य तेवढे कळते. नॉर्वेतील कॉडवर शिकविलेले यंत्र रत्नागिरीच्या सुरमईपुढे धरले तर ते उत्तर देईल, पण त्या उत्तराला काही अर्थ नसेल. अलीकडे माशाच्या डोळ्याचे किंवा कल्ल्याचे छायाचित्र घेऊन दूरध्वनी संचातील कार्यक्रमाद्वारे निदान करण्याचे जे प्रयत्न होत आहेत त्यांनाही हीच मर्यादा आहे.

अनुस्फुरणाची पद्धती थोडी निराळी आहे. जंबुपार किरण पाडले असता मांसातील काही द्रव्ये स्वतःच मंद प्रकाश देऊ लागतात आणि द्रव्ये बदलली की हा प्रकाशही बदलतो. जपानी संशोधकांनी गोठविलेल्या माशावर हा प्रयोग करून, तो न वितळविता त्याच्या 'के' मूल्याचा अंदाज बांधता येतो असे दाखविले आहे. जेथे विजेची पद्धत पांगळी पडते नेमके तेथे प्रकाश उपयोगी पडावा, ही समाधानाची गोष्ट आहे.

रंग बदलणारे कागद

हळदीत चुना मिसळला की कुंकवाचा लाल रंग येतो, हे आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. अल्कधर्मी द्रव्याच्या स्पर्शाने रंग बदलणाऱ्या अशा रंजकांचा उपयोग मासळीच्या वेष्टनात करता येतो. आयर्लंडमधील डब्लिन शहर विद्यापीठात २००६ च्या सुमारास ब्रोमोक्रेसॉल ग्रीन हे रंजक बसविलेली पट्टी तयार करण्यात आली. बंद वेष्टनातील मासा नासू लागला की त्यातून निघणारी बाष्पशील अमाइने पट्टीपर्यंत पोहोचतात आणि तिचा पिवळा रंग निळसर होतो. वेष्टन फोडावे लागत नाही. परंतु अमाइने उशिरा निघतात हे वर सांगितलेच आहे. ही पट्टी नासलेला मासा दाखवील, ताज्या आणि कमी ताज्या माशांतील भेद दाखविणार नाही.

वासावर आधारलेल्या प्रत्येक परीक्षेला एक वैरी आहे, तो म्हणजे फॉर्मलिन. ते जंतूंना मारते. जंतूच नाहीत तर अमाइने नाहीत, अमाइने नाहीत तर वास नाही, आणि मासा दिवसेंदिवस 'ताजा' भासत राहतो. २०१८ च्या उन्हाळ्यात केरळात आणि जुलैत गोव्यात या कारणाने मोठी खळबळ उडाली. गोवा सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदीही घातली होती. त्याच वर्षी कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, जी १९५७ पासून या क्षेत्रात काम करीत आहे, फॉर्मलिन व अमोनिया ओळखणाऱ्या कागदी पट्ट्या प्रचारात आणल्या. पट्टी माशाच्या अंगावर घासावयाची, तिच्यावर अभिकारकाचा थेंब टाकावयाचा आणि थोड्या वेळाने रंग पाहावयाचा. सामान्य ग्राहकालाही हे जमण्यासारखे आहे. मात्र मराठी वाचकाने एवढे ध्यानात ठेवावे की बोंबलासारख्या काही माशांत फॉर्माल्डिहाइड निसर्गतःच तयार होते. त्याच्या बाबतीत अल्प अंश आढळला म्हणून कोळणीवर भेसळीचा आरोप करणे अन्यायाचे होईल.

सर्वांत नवीन प्रयत्नांपैकी एक ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठातला असून तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिसूक्ष्म सुयांच्या एका लहानशा चकतीवर सोन्याचे सूक्ष्मकण आणि झँथीन ऑक्सिडेज हे एंझाइम बसविलेले असते. चकती मांसावर दाबली की एंझाइमाची हायपोझँथीनशी क्रिया होऊन विद्युत् संकेत मिळतो, आणि दोन मिनिटांच्या आत उत्तर येते. सुया टोचतात, म्हणून ही पद्धत काटेकोरपणे पाहता अक्षत म्हणता येणार नाही. पण मासा विक्रीयोग्य राहतो आणि 'के' मूल्याच्या शिडीवरील शेवटची पायरी थेट मोजली जाते. अद्याप ती बाजारापासून दूर आहे.

आपल्या समुद्रातील मासळी

वर वर्णिलेली बहुतेक साधने थंड समुद्रातील कॉड व साल्मन यांच्यावर घडलेली आहेत. उष्ण कटिबंधातील मासळीची प्रकृती वेगळी आहे. तिच्या अंगावरील जंतू उबदार पाण्याला सरावलेले असतात, त्यांना बर्फातील थंडी सोसत नाही. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळशा जाती पकडल्याबरोबर बर्फात ठेवल्यास थंड समुद्रातील माशांपेक्षा अधिक दिवस टिकतात. उलट बर्फाविना त्या काही तासांतच उतरतात.

तापमानाचा हा प्रभाव मोजण्याचा एक सोपा हिशेब आहे. तापमानाच्या अंशांना दहाने भागावे, त्यात एक मिळवावा आणि आलेल्या संख्येचा वर्ग करावा. शून्य अंशाच्या मानाने मासा किती पट वेगाने उतरतो, ते या संख्येवरून कळते. पाच अंशांना हा वेग सव्वादोन पट होतो, दहा अंशांना चौपट. म्हणजे दहा अंशांत काढलेले सहा तास बर्फातील एका पूर्ण दिवसाइतके होतात. हा हिशेब मुख्यतः थंड तापमानासाठी आहे, भर दुपारच्या उन्हाला तो लावता येत नाही. तरी खोक्यात तापमापक ठेवून त्याची नोंद केली, तर माशाला स्पर्शही न करता त्याच्या ताजेपणाचा बराचसा इतिहास कळतो.

एक धोका मात्र यांपैकी कोणतेही साधन दाखवीत नाही. बांगडा, कुपा अशा माशांत उष्णतेमुळे काही जंतू हिस्टिडीनपासून हिस्टामीन तयार करतात. त्याने तोंडावर लाली, अंगावर पित्ताच्या गांधी, डोकेदुखी असा त्रास होतो. मासा कितीही शिजवला तरी हिस्टामीन नष्ट होत नाही. पुष्कळदा माशाचे रूप व वास चांगले असतानाच ते तयार झालेले असते. विजेचा आकडा चांगला आला म्हणून असा मासा निर्धोक ठरत नाही. त्यासाठी वेगळी रासायनिक तपासणीच करावी लागते.

एखाद्या मच्छीमार सहकारी संस्थेला अशा उपकरणाचा उपयोग करावयाचा असेल तर तिने प्रथम आपल्या मासळीचे कोष्टक तयार केले पाहिजे. एका जातीचे, एकाच दिवशी पकडलेले पन्नाससाठ मासे घ्यावेत आणि भरपूर बर्फात ठेवावेत. रोज त्यांतील काहींवर उपकरणाचा आकडा घ्यावा, त्याच माशांना अनुभवी कोळणींकडून दोषांचे गुण द्यावेत, आणि दोन्हींची नोंद शेजारी शेजारी करावी. मासा खाण्याजोगा उरला नाही असे कोळणी म्हणतील त्या दिवसापर्यंत हे चालू ठेवावे. पापलेटाचे कोष्टक बांगड्याला लागू पडणार नाही, आणि तारलीसाठी तर एका कोष्टकावर भागणार नाही. ऋतूनुसार तिच्या अंगातील चरबीत एवढा फरक पडतो की निदान दोन हंगामांची दोन कोष्टके स्वतंत्रपणे तयार करावी लागतील.